झाडीपट्टींतील मंडई आणि पाहुण्यांचें पान

राजांच्या लढाया, तहनामे व सनदा ह्यांवरून इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे रूढ आहे, व ती योग्यहि आहे. परंतु एखाद्या प्रांतांतील सामान्य मनुष्य सणाच्या दिवशीं दारीं आलेल्या पाहुण्यांपुढें काय वाढीत असे आणि तेंच कां वाढीत असे, हें पाहिल्यानेंहि त्या प्रांताचा पुष्कळसा इतिहास हातीं लागतो, असें आमचें मत आहे. रोजचें जेवण ज्याच्या त्याच्या घरांत होतें. त्याकडे कोणी पाहात नाहीं. सणाचें जेवण मात्र चारचौघांच्या डोळ्यांसमोर व्हावयाचें असतें. त्यांत यजमानाची ऐपत दिसते, त्याची जाति दिसते, त्याच्या शेतांत काय पिकतें तें दिसतें, आणि सरकारचा कोणता कायदा त्याच्या चुलीपर्यंत येऊन पोहोंचला आहे तेंहि दिसतें. ‘पाहुण्यांस काय करावें?’ हा प्रश्न वरवर पाहतां घरांतील बायकांचा वाटतो खरा. परंतु त्याचें उत्तर एकट्या गृहिणीच्या हातीं क्वचितच असतें.

ह्या म्हणण्याची सत्यता पाहण्यासाठीं आम्ही चंद्रपूर व गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांचें उदाहरण घेतों. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि इंग्रजी अमदानींत त्याचें नांव ‘चांदा’ असें होतें. ह्या मुलखाचा पूर्वेकडील भाग व त्यास लागून असलेले भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे मिळून जो प्रदेश होतो, त्यास लोक ‘झाडीपट्टी’ किंवा नुसती ‘झाडी’ म्हणतात. झाडीचा मोठा सण कोणता, असें तेथील मनुष्यास विचारिलें, तर दिवाळीचें नांव घेतां घेतां तो मंडईचें नांव घेईल. दिवाळीच्या पाडव्यास गायगोधन होतें, गोवारी लोक नाचतात, गुरांस सजवून मिरवितात; आणि तेथून पुढें गांवोगांव मंडया भरूं लागतात. प्रत्येक गांवाचा दिवस निराळा. दिवसा बाजार, दंडार, खडी गंमत, रात्रीं नाटक. नाटकाचा पडदा रात्रीं उशिरां उघडावयाचा आणि तांबडें फुटेपर्यंत प्रयोग चालावयाचा, अशी तेथील रीत आहे. देसाईगंज म्हणजे वडसा हें गांव ह्या नाटकमंडळ्यांचें केंद्र होऊन बसलें आहे. आणि ह्या रंगभूमीची सेवा करण्यांत आयुष्य घालविलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे ह्यांस १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२३ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली, ह्यावरून त्या रंगभूमीकडे बाहेरच्या जगाचें लक्ष जाण्यास किती वेळ लागला हें दिसतें.

मंडईच्या दिवशीं गांवांतील प्रत्येक घर पाहुण्यांनीं भरतें. लेकी-जावई येतात, व्याही येतात, मामा-मावश्या येतात, आणि पुष्कळ ठिकाणीं मुलगी पाहण्याच्या निमित्तानें येणारेहि ह्याच दिवसाची वाट पाहात असतात. कारण लग्नाचीं बोलणीं मंडईंत सुरू व्हावयाचीं हें ठरलेलेंच. आतां यजमानाची अडचण लक्षांत घ्यावी. लग्नाच्या पंगतीस किती पानें मांडावयाचीं ह्याचा अंदाज असतो. श्राद्धास तर मोजकींच माणसें. मंडईस किती माणसें येतील हें कोणासच सांगतां येत नाहीं. जावई आपल्याबरोबर दोन मित्र आणील, मामा शेजाऱ्याची बैलगाडी भरून आणील. पांच जणांची वाट पाहावी व पंधरा यावे, असा हा सण. शिवाय रात्रभर जागावयाचें असल्यामुळें सायंकाळीं पोटभर जेवण पाहिजे, आणि पहाटे डोळे चोळीत परत आलेल्या मंडळींस पुन्हां कांहीं तरी पुढें ठेविलें पाहिजे. अशा सणास पदार्थ निवडावयाचा तो कसा?

ह्याचें उत्तर झाडीनें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे, आणि तें म्हणजे भात. पश्चिमेकडे वर्धा नदीच्या कांठीं, वरोऱ्याच्या बाजूस, काळ्या जमिनींत ज्वारी पिकते व गहूंहि होतो. तिकडे पोळ्याच्या सणास पुरणपोळी केल्याशिवाय सण झाला असें वाटत नाहीं. परंतु पोळा हा घरच्या माणसांचा व घरच्या बैलांचा सण होय. पानें मोजलेलीं असतात, म्हणून पोळी परवडते. पोळी एकेक लाटावी लागते, एकेक भाजावी लागते. दहा पाहुणे वाढले तर घरांतल्या सुनेची पाठ मोडते. भाताचें तसें नाहीं. आधणांत आणखी दोन पायल्या तांदूळ ओतले, रश्शांत पाणी वाढविलें, कीं पांचांचें जेवण दहांचें होतें. ज्या सणास पाहुण्यांची गणति नाहीं, त्या सणास ज्याची गणति करावी लागत नाहीं असेंच अन्न सोयीचें. आणि मंडईचा काळ तरी कोणता? धान कापून झालेलें असतें, खळ्यावर रास येऊं लागलेली असते. वर्षांत ज्या वेळीं घरांत तांदूळ सर्वांत अधिक असतो, त्याच वेळीं पाहुणे बोलावण्याची चाल पडली, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाहीं.

हा तांदूळहि आपोआप आलेला नाहीं. पाऊस भरपूर पडतो हें खरें. परंतु भाद्रपदांत त्यानें दडी मारिली तर धान ओंबींत येतां येतां वाळून जातें, आणि त्या वेळीं तलावाचें पाणीच कामास येतें. झाडींतील हजारों तलाव हे गोंड राजांच्या व त्यांच्यामागून आलेल्या मालगुजारांच्या काळचे आहेत. चांद्याचे सेटलमेंट अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ ह्यांनीं १८६९ च्या आपल्या अहवालांत गोंड राजांविषयींच्या ज्या दंतकथा नमूद केल्या, त्यांत राजा हीरशहाची कथा आहे. जो अरण्य तोडील त्यास जमीन, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजणारी भूमि, असें त्या राजानें जाहीर केलें म्हणतात. तलावाच्या मोबदल्यांत मिळालेल्या अशा जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपूर शहराच्या एका वस्तीस तुकूम हें नांव आहे. तेथें राहणाऱ्या कितीकांस ह्या नांवांत एक तलाव दडलेला आहे हें ठाऊक असेल, कोण जाणे! तलाव बांधण्यांत व ऊंस लावण्यांत कोहळी लोकांचा हातखंडा होता. म्हणजे पाहुण्यांपुढें येणारा भात आणि त्यानंतरचा गूळ हे दोन्ही एकाच कारागिरीचें फळ होय.

तलावानें भातास जोड दिली ती मासळीची. ढीवर लोक जाळें टाकून मासे आणीत, आणि मंडईच्या दिवशीं ज्याच्या घरीं बकरा कापण्याची ऐपत नसे, त्याच्या पानावरहि मासळीचा रस्सा येई. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली. चांदा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. मालगुजारांचे तलाव सरकारच्या मालकीचे झाले व त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’, किंवा लोकांच्या तोंडीं नुसते ‘मामा तलाव’, असें नांव पडलें. मालकी गेली त्याबरोबर गाळ काढण्याची जुनी जबाबदारीहि पुष्कळ ठिकाणीं निराधार झाली. गाळ सांचला कीं पाणी कमी, पाणी कमी कीं धान कमी आणि मासळीहि कमी. पानावरील दोन पदार्थांचें भवितव्य असें एका कायद्याच्या कलमाशीं बांधलें गेलें.

तांदळाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाणें योग्य होणार नाहीं. पाहुण्यांस बारीक व मऊ तांदूळ घालावा, घरच्यांनीं जाड खावा, ही जुनी रीत. आज झाडींतच काय, पण नागपूर-मुंबईच्या घरांतहि पाहुण्यांसाठीं जो ‘एच्. एम्. टी.’ तांदूळ आणितात, तो चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड ह्या खेड्यांतील दादाजी खोब्रागडे नांवाच्या एका अल्पभूधारक शेतकऱ्यानें निवडून काढिला. १९८३ च्या सुमारास आपल्या शेतांतील कांहीं ओंब्या इतरांहून वेगळ्या दिसतात हें त्यांच्या नजरेस आलें; त्यांनीं त्यांचें बीं वेगळें राखिलें, वर्षानुवर्षे लाविलें, आणि त्या काळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें नांव त्या वाणास मिळालें. तो वाण देशभर पसरला. दादाजींस मानसन्मान मिळाले, परंतु पैसा मिळाला नाहीं, आणि ३ जून २०१८ रोजीं ते वारले. ज्याच्या हातच्या तांदळानें लाखों यजमानांची लाज राखिली, त्याच्या स्वतःच्या घरीं मात्र सणासुदीस हात आंखडून वागावें लागलें असेल, ही गोष्ट झाडीच्या इतिहासांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

आतां तलाव सोडून अरण्यांत जाऊं. भामरागड, एटापल्ली, अहेरी ह्या भागांतील माडिया व गोंड लोकांत सणास ‘पंडुम’ म्हणतात. त्यांच्या पंडुमाचा नियम असा कीं, कोणतेंहि नवें फळ, फूल किंवा धान्य गांवानें मिळून देवास व पूर्वजांस दिल्यावांचून कोणीं तोंडांत घालावयाचें नाहीं. आंब्याचा ‘मरका पंडुम’ झाल्यावांचून आंबा नाहीं. बियांचा ‘विज्जा पंडुम’ झाल्यावांचून पेरणी नाहीं. शेजारच्या बस्तरांतील माडियांवर ग्रिगसन ह्यांनीं १९३८ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या पंडुमांचें वर्णन विस्तारानें आलें आहे. आम्हांस ह्यांत लक्षांत घेण्यासारखें वाटतें तें हें कीं, येथें ‘काय वाढावें’ हा प्रश्न यजमानाच्या घरांत सुटतच नाहीं. कोणता पदार्थ केव्हां खावयाचा हें सगळा गांव बसून ठरवितो. श्रीमंतानें आधीं आंबा खावा व गरिबानें मागून, असें होत नाहीं. पाहुणा कितीहि मोठा असो, पंडुमापूर्वीं त्याच्या हातावर नवें फळ ठेवितां येत नाहीं. शिवाय कच्चें फळ अवेळीं झोडपलें जात नाहीं आणि बीं धरण्यास अवकाश मिळतो, हा लाभ आहेच.

गोंडांच्या आतिथ्याचा दुसरा प्रकार राजुऱ्याकडे पाहावयास मिळतो. राजुरा तालुका पूर्वीं निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ च्या प्रांतरचनेनंतर तो मराठी मुलखांत आला व कांहीं वर्षांनीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. ह्या भागांतील राजगोंडांत दिवाळीच्या सुमारास ‘दंडारी’ निघते. मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले ‘गुसाडी’ आणि त्यांच्याबरोबर सगळा नाचणारा मेळा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो. बहुधा तें गांव सोयरिकीचें असतें. त्या मेळ्याचें जेवणखाण यजमान गांवानें करावयाचें, आणि पुढें त्या गांवाचा मेळा आला म्हणजे ह्यांनीं करावयाचें. हैमेनडॉर्फ ह्या विद्वानानें आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या दंडारीचें वर्णन केलें आहे. मंडईंत पाहुणा घराचा असतो, दंडारींत तो गांवाचा असतो. त्यामुळें एका घरावर भार पडत नाहीं व एका घराची बढाईहि चालत नाहीं. प्रत्येक घरांतून धान्य यावयाचें व एकत्र शिजावयाचें.

येथवर आम्हीं जें लिहिलें, त्यावरून झाडींतील पूर्वींच्या सणांचें चित्र फारच गोड वाटेल. परंतु इतिहास लिहिणारानें गोड तेवढेंच वाढून चालत नाहीं. पंगतींत कोण बसला हें जसें पाहिलें पाहिजे, तसें कोण बसला नाहीं हेंहि पाहिलें पाहिजे. रसेल व हिरालाल ह्यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातींविषयींचे चार खंड प्रसिद्ध केले. ते चाळले म्हणजे पानोपानीं एकच प्रश्न दिसतो: कोणी कोणाच्या हातचें खावें? पाण्यांत शिजविलेल्या अन्नास विटाळ लौकर होई, तुपातेलांत तळलेल्यास कमी, आणि कोरड्या धान्यास मुळींच नाहीं, अशी ती व्यवस्था होती. तेव्हां निरनिराळ्या जातींचे पाहुणे ज्या यजमानाच्या दारीं येत, त्याची पदार्थांची निवड चवीवरून होत नसे, विटाळावरून होई. स्वजातीस भात, कांहींस तळलेलें, कांहींस पोहे-लाह्या-गूळ, आणि जो आपल्या हातचें कांहींच घेणार नाहीं त्यास शिधा बांधून द्यावयाचा व त्यानें आपली चूल निराळी मांडावयाची. गोंडांतील कांहीं राजगोंड घराणीं तर ब्राह्मणांवर ताण करण्यासाठीं चुलींत घालावयाच्या सरपणावरहि पाणी शिंपडून तें शुद्ध करून घेत, असें इंग्रज लेखकांनीं नमूद केलें आहे. ज्या कुळाचें एके काळीं राज्य होतें, त्यास १७५१ मध्यें तें भोसल्यांकडे गेल्यावर आपली प्रतिष्ठा लांकडाच्या ढलपीवर पाणी शिंपडून राखावी लागली, ह्यापरतें पराभवाचें दुसरें चिन्ह कोणतें?

आणि ज्यांस शिधाहि मिळत नसे, त्यांचें काय? अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं मंडईचें पटांगण झाडावें, वाजंत्रें वाजवावें, आणि पंगत उठल्यावर अंगणाबाहेर आपलें भांडें धरून उभें राहावें, अशी रीत मराठी मुलखांत सर्वत्र होती, व झाडी तिला अपवाद नव्हती. त्यांच्या पानावर काय वाढावें हा प्रश्नच यजमानास पडत नसे. कारण त्यांस पानच नव्हतें. उरलें तें त्यांचें. आमच्या मतें सणाच्या जेवणाचा इतिहास लिहितांना पुरणपोळी आधींची कीं मांडे आधींचे, हा वाद दुय्यम आहे. निवडण्याचा अधिकार कोणास होता, आणि निवडलेलें पुढें येण्याची आशा कोणास होती, हा खरा प्रश्न होय.

ह्या व्यवस्थेस धक्के बसले ते निरनिराळ्या बाजूंनीं. एक बाजू भजनी मंडळ्यांची. सप्ताहाच्या शेवटीं गोपाळकाला करण्याची चाल वारकऱ्यांची जुनीच. त्यांत दह्यांत कालविलेल्या लाह्या-पोह्यांचा घांस एकमेकांच्या तोंडीं द्यावयाचा असतो. तुकडोजी महाराजांनीं पूर्व विदर्भाच्या खेड्यांतून सामुदायिक प्रार्थनेचा जो प्रसार केला, त्यानें ह्या चालीस नवें बळ आलें. ज्या चिमूर गांवीं १६ ऑगस्ट १९४२ रोजीं क्रांतीचा वणवा पेटला, तेथें त्यांच्या भजनांचा प्रभाव किती होता हें सर्वविश्रुत आहे. १९५५ च्या ‘ग्रामगीते’ंत त्यांनीं लग्नकार्यांतील डामडौल व उधळपट्टी ह्यांवरहि टीका केली आहे. काल्याचा घांस स्वस्त असतो, थंड असतो, आणि तो कोणाच्या चुलीवरचा हें कोणी विचारीत नाहीं. ह्या तिन्ही गोष्टींमुळें जें काम मोठमोठ्या व्याख्यानांनीं झालें नाहीं, तें त्यानें थोडेंबहुत केलें.

दुसरा धक्का याहून फार मोठा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. त्यानंतर दोनच दिवसांनीं, १६ ऑक्टोबर रोजीं, चांद्यासहि त्यांनीं दीक्षेचा सोहळा केला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ चंद्रपुरास दरवर्षीं ऑक्टोबरच्या १५ व १६ तारखांस फार मोठा समुदाय जमतो. दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या मंडळींस ठिकठिकाणीं अन्नदान होतें. येथील भोजनांत पदार्थांची अपूर्वाई नसते. भात, वरण, भाजी, फार तर खीर. परंतु ज्यांच्या आज्यांनीं पंगत उठण्याची वाट पाहात दिवस काढिले, ते आज स्वतः यजमान आहेत, आणि येणाराची जात न विचारतां वाढीत आहेत. चांद्याच्या हजारों वर्षांच्या इतिहासांत पाहुणचाराची इतकी मोठी उलथापालथ दुसरी झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुष्काळाचा उल्लेख केल्यावांचून झाडीच्या जेवणाची हकीकत पुरी होत नाहीं. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून गेला. धान बुडालें म्हणजे मोहाचीं वाळलेलीं फुलें, कंदमुळें, तरोट्यासारख्या पालेभाज्या ह्यांवर अरण्यांतील लोक जीव धरीत. धानाच्या ओल्या बांधींत पेरलेली लाखोळी ही अशा वेळची दुसरी आधार. तिला पाणी नको, निगा नको. परंतु महिनेच्या महिने लाखोळीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडतात, हें दुष्काळांनींच शिकविलें. आणि १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली. तरी झाडींतून ती गेली नाहीं. मोजकी खाल्ली असतां अपाय होत नाहीं असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तिच्या डाळीचे वडे आवडीनें खाणारेहि आहेत. मोहाचें फूल, लाखोळी, बांबूचे कोंवळे कोंब म्हणजे वास्ते, पावसाळ्यांत वारुळांवर उगवणाऱ्या सात्या: एके काळीं हे पदार्थ गरिबीचें लक्षण म्हणून पाहुण्यांपासून लपवीत. आज शहरांतून आलेला पाहुणा मुद्दाम त्यांचीच मागणी करतो, आणि घरची म्हातारी चकित होऊन त्याच्याकडे पाहाते. तिच्या मनांत सात्यांबरोबर उपासमारीची आठवण येते. त्याच्या मनांत नुसती चव येते.

ह्या रानच्या पदार्थांवर हक्क कोणाचा, हा प्रश्नहि लहान नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वनकायदे झाले, राखीव जंगलें ठरलीं, आणि ज्या रानांतून आजा सहज वास्ते आणीत असे, तेथें नातू चोर ठरूं लागला. सणास पाहुण्यांपुढें जें ठेवावयाचें तें लपून आणावें लागलें, तर त्या आतिथ्यांत आनंद तो कोठून? २००६ च्या वनहक्क कायद्यानें ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा ह्या लहानशा गोंड गांवास २००९ मध्यें गांवाच्या अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला; देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते.

राहतां राहिली दारू. मोहाच्या दारूचे दोन थेंब भूमीवर सांडून पूर्वजांस दिल्यावांचून गोंडांचें कोणतेंहि कार्य पुरें होत नसे. तेथें ती व्यसन नव्हती, नैवेद्य होती. इंग्रजांनीं अबकारीचा मक्ता आणिला, घरीं गाळणें गुन्हा ठरला, आणि दुकानांतील दारू मात्र राजरोस झाली. म्हणजे नैवेद्य बंद व व्यसन सुरू, असा विपरीत प्रकार घडला. त्याची फळें अर्थातच बायकांनीं भोगिलीं. म्हणून गडचिरोलींत लोकांनीं चळवळ करून १९९३ सालीं जिल्हाभर दारूबंदी आणविली. चंद्रपुरास ती २०१५ मध्यें आली व २०२१ मध्यें उठली. मंडईच्या रात्रीं पुरुष पाहुण्यांस दारू न दिल्यास व्याही नाराज होईल, आणि दिल्यास रात्रभर घरांतील बायकांनीं दाराशीं बसावें लागेल: ह्या पेंचांत पुष्कळ यजमान आजहि सांपडतात. आमच्या मतें ह्या ठिकाणीं विचारावयाचें तें व्याह्यास नव्हे. जी रात्रभर चुलीपाशीं राबली तिला विचारावें.

आज मंडईच्या आदल्या रात्रीं झाडींतील घराघरांत जी बोलणीं होतात, तींत हा सगळा इतिहास न बोलतां हजर असतो. तरुण मुलगा म्हणतो, तालुक्याहून आचारी आणूं, पनीर करूं, जिलबी ठेवूं. शेजाऱ्यानें केलें, आपण कां मागें राहावें? बाप म्हणतो, बकरा पाहिजे, नाहीं तर जावयाचा मान राहात नाहीं. आई मनांतल्या मनांत धानाचा भाव आणि सोसायटीचें कर्ज ह्यांचा मेळ घालीत असते. कोणी माळकरी पाहुणा येणार म्हणून वांग्याची निराळी भाजी पाहिजे, हेंहि तिच्याच ध्यानांत असतें. शेवटीं बहुतेक घरीं जें होतें तें असें: नव्या तांदळाचा मोठा हंडाभर भात, एक सामिष व एक निरामिष रस्सा, घरचें कांहीं तळण, आणि पहाटेस पोहे. मुलाची जिलबी बाजारांतून येते, ती मुलांच्या वांट्यास जाते.

ही निवड आम्हांस शहाणपणाची वाटते, आणि केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ह्या जेवणांत कोणास नको म्हणावें लागत नाहीं. न बोलावतां आलेल्यासहि तें पुरतें. आणि पाहुणे गेल्यावर यजमानास सावकाराचें दार पाहावें लागत नाहीं. पळसाच्या पत्रावळीवर भाताची मूद पडते, द्रोणांत रस्सा येतो, पटांगणावर नाटकाचा पडदा उघडल्याची हांक ऐकूं येते, आणि मंडळी हात धुवून घाईनें उठतात. तेवढ्यांत उशिरां आलेला कोणी दारांत दिसला, तर गृहिणीनें हंड्यांत हात घालून पाहावें व भात शिल्लक असावा, येवढीच त्या रात्रीची तिची काळजी असते. पूर्वीं दारांत उभ्या असलेल्या माणसाची जात आधीं विचारीत. आतां पुष्कळ घरीं ‘आधीं बसा, जेवून घ्या’ असें म्हणतात. पुष्कळ घरीं, असें आम्हीं जाणून लिहिलें आहे; सर्व घरीं असें लिहिण्याचा दिवस अद्याप यावयाचा आहे.